चपला घालून हात लावा

‘चपला घालून हात लावा’ हा सल्ला ज्या घरात कधीच कुणी दिला नाही, असं एक तरी मराठी घर मला दाखवा. फ्रिजला करंट येतोय? चपला घाल. गीझरच्या नळाला झिणझिण्या येतात? चपला घाल. वॉशिंग मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की मुंग्या येतात? अगं, पायात काहीतरी घालत जा ना! आजी सांगते, शेजारच्या काकू सांगतात आणि (इथेच माझं डोकं फिरतं) ज्याला त्याच कामाचे पैसे मिळतात तो मेकॅनिकही सांगतो.

आता माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते पुढचं वाचायच्या फंदात पडणार नाहीत. चपला ही दुरुस्ती नव्हे. आणि मशीन ‘चालतंय’ म्हणजे ते ‘ठीक’ आहे असंही नव्हे. आपण बिघाड शोधताना एकच प्रश्न विचारतो: चालतंय ना? विजेच्या बाबतीत त्याच्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा असतो: गेलेला करंट सगळाच्या सगळा परत आला का? नसेल आला, तर कुठे गेला?

हे पुराण सुचायचं कारण म्हणजे आईचं मशीन. डोंबिवलीतली १९८६ सालची बिल्डिंग, बाथरूमच्या दाराशी ठेवलेलं फ्रंट लोडिंग मशीन, २०१४ साली घेतलेलं. २०२१ पासून आई म्हणत होती की त्याला हात लावला की ‘किंचित’ झिणझिणतं. मेकॅनिक येऊन गेला, टेस्टर लावला, टेस्टर पेटला, आणि त्याने तो सुप्रसिद्ध सल्ला दिला. आईने दोन वर्षं तो इमानेइतबारे पाळला. बाथरूमच्या दाराशी ‘मशीनच्या चपला’ अशी एक वेगळी जोडी ठेवलेली असे. पाहुण्यांनाही सूचना असे. घरातल्या बिघाडाशी माणसं किती शहाण्यासारखं जुळवून घेतात! मला हे सगळं २०२३ च्या पावसाळ्यात चार दिवस राहायला गेले तेव्हा कळलं. फोनवर कधी बोलली नाही, कारण तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. मशीन चालत होतं.

चपलांचा दोष असा की त्या लक्षण झाकतात. ओल्या जमिनीवर अनवाणी पाय, ओला हात, अशा वेळी शरीराचा रोध हजार-दीड हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. रबरी चप्पल तो पुष्कळ वाढवते, हे खरं. पण चप्पल भिजली, पाय घसरून बाहेर आला, किंवा एक हात मशीनला आणि दुसरा नळाला लागला, की संपलं. तिसऱ्या प्रकारात तर चपलांचा संबंधच येत नाही. करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हातातून नळावाटे बाहेर पडतो. आईच्या बाथरूममध्ये नळ मशीनपासून हातभर अंतरावर आहे.

आणि तो टेस्टर! भारतातलं सर्वांत लाडकं आणि सर्वांत जास्त दिशाभूल करणारं हत्यार कुठलं असं मला विचाराल तर मी खिशाला अडकवलेला तो लाल-पिवळा टेस्टर दाखवीन. त्यातला निऑन पेटायला करंट लागतो अगदी नगण्य. त्यामुळे तो एवढंच सांगतो की इथे व्होल्टेज आहे. त्या व्होल्टेजमागे किती ताकद आहे, अर्धा मिलिअँपिअर की अर्धा अँपिअर, हे त्याला सांगता येत नाही. पहिल्याने मुंग्या येतात, दुसऱ्याने माणूस जातो. दोन्हींना टेस्टर सारखाच पेटतो.

हे मुंग्यांचं प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. कारण मशीन अगदी नवंकोरं असलं तरी मुंग्या येऊ शकतात! आजकालच्या मशीनमध्ये वायर आत शिरते तिथेच एक फिल्टर असतो. मशीनमधला इलेक्ट्रॉनिक गोंधळ बाहेरच्या लाइनवर जाऊ नये म्हणून तो बसवतात. त्यात फेज आणि बॉडी, तसंच न्यूट्रल आणि बॉडी यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून जो थोडासा करंट झिरपतो तो अर्थिंगच्या तारेतून निमूट जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंग असेल तर आपल्याला पत्ताही लागत नाही. ते नसलं की पत्रा लटकत राहतो, फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. एक कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा धरला तर २३० व्होल्टला त्यातून साधारण एक तृतीयांश मिलिअँपिअर जातो. ओल्या, नाजूक त्वचेला तेवढ्यानेही कधी कधी चुरचुरतं. म्हणजे अशा वेळी मशीन बिघडलेलं नसतंच, बिघडलेली असते भिंत! कंपनीचा माणूस मग मशीन उघडून बसतो आणि त्याला काहीच सापडत नाही. बिचाऱ्याला कसं सापडणार?

तर मी आधी भिंतीपासूनच सुरुवात केली. (कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, त्यामुळे मल्टिमीटर माझ्या पर्समध्ये लिपस्टिकच्या आधी जातो. नातेवाईकांनी नेहमीचे विनोद कॉमेंटमध्ये करावेत.) सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, छान. फेज-अर्थ मीटरवर ७४ व्होल्ट. हा आकडा २३० च्या जवळपास यायला हवा. पण ७४ म्हणजे ‘थोडं अर्थिंग आहे’ असंही समजू नका. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे कुठेही न जोडलेल्या तारेवरही शेजारच्या तारेच्या संगतीने असले भुताटकीचे व्होल्ट दिसतात. खरं-खोटं करायला जुना टेस्ट लॅम्प लागतो. होल्डरात १५ वॅटचा बल्ब आणि दोन तारा. फेज आणि अर्थमध्ये धरला. बल्ब पेटला नाही. घरातला खटकाही पडला नाही.

खटका पडला नाही हे बल्ब न पेटण्याइतकंच महत्त्वाचं. त्या घरात २०१६ साली नवीन वायरिंग केलं तेव्हा आरसीसीबी बसवला होता, ज्याला आपल्याकडे अजूनही सगळे ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो तोलत बसलेला असतो, वाण्याच्या तराजूसारखा. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की धाडकन बंद. १५ वॅटचा बल्ब फेजमधून थेट जमिनीत पेटवला तर ६५ मिलिअँपिअर बाहेर जातील, म्हणजे तो पडायलाच हवा. नाही पडला, याचा अर्थ त्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकातून करंटला जमिनीकडे जायला वाटच नव्हती. (हा प्रयोग घरी करू नका. वायरमनला करायला सांगा आणि समोर उभं राहून बघा.)

“पण ईएलसीबी चालू आहे की! मी दर महिन्याला ते टेस्टचं बटन दाबते, लगेच पडतो,” आई म्हणाली. बटन दाबणारी गृहिणी मी पहिल्यांदाच पाहिली, तिचा मला अभिमान आहे. पण ते बटन फक्त खटक्याची तपासणी करतं. आतल्या आत एका रेझिस्टरमधून थोडा करंट तराजूच्या बाहेरून वळवून फरक निर्माण करतं. त्याला अर्थिंग लागतच नाही. घरात अर्थिंगचा पत्ता नसला तरी बटन दाबलं की खटका पडणारच. हे त्या खटक्यावर किंवा त्याच्यासोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत का लिहीत नाहीत, देव जाणे.

मग मशीनचा पत्रा आणि नळ यांच्यामध्ये मीटर लावला. पाइप जुना, लोखंडी, म्हणून जमिनीशी जोडलेला. १०८ व्होल्ट. तिथेच टेस्ट लॅम्प धरल्याबरोबर मीटर शून्यावर आला आणि बल्ब काही पेटला नाही. म्हणजे मशीन थंड आणि स्वस्थ उभं असताना त्या १०८ व्होल्टमागे दम नव्हता, ते फिल्टरचे होते. इथपर्यंत गोष्ट सोपी झाली असती. पण आईने जाता जाता एक वाक्य टाकलं: “गरम पाण्याच्या वॉशला जरा जास्त चावतं हं.”

मंडळी, बिघाड शोधताना मीटरपेक्षा मोठं साधन कुठलं असेल तर ते म्हणजे रोज मशीन वापरणाऱ्या बाईचं असं जाता जाता टाकलेलं वाक्य. ते कुठलाही सर्व्हिसवाला विचारत नाही. फिल्टरला पाणी गरम आहे की थंड याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणजे आणखी काहीतरी होतं.

बिल्डिंगमधल्याच एका वायरमनला बोलावलं. आयटीआय झालेला, साठीला टेकलेला, कमी बोलणारा. त्याने डिस्ट्रिब्यूशन बॉक्स उघडला आणि पाच मिनिटांत हिरवी तार माझ्या हातात दिली. सॉकेटच्या बाजूला ती स्क्रूखाली नीट आवळलेली होती. बॉक्सच्या बाजूला मात्र तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ती मागे सारलेली होती. सात वर्षं! जो पाहील तो सॉकेट उघडून पाहणार, हिरवी तार दिसणार, समाधानाने परत लावणार. तार असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे, दुसरं टोक महत्त्वाचं. खाली मीटररूमजवळ बिल्डिंगचा अर्थ पिट होता, त्याच्याकडून येणारी मुख्य तार बॉक्सपर्यंत आलेलीही होती. फक्त शेवटचे चार इंच कुणी जोडले नव्हते.

असो. तार जोडली, टेस्ट लॅम्प लावला, खटका झटक्यात पडला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. मशीन सुरू केलं, गरम पाण्याचा वॉश. चौदा मिनिटांनी अख्ख्या घरातली लाइट गेली.

पुन्हा लावलं. पुन्हा पाणी तापायला लागलं आणि दोन मिनिटांत अंधार.

यानंतर जे झालं ते सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहितेय. आई म्हणाली, “बघ, चांगलं चालत होतं ते बिघडवलंस!” शेजारच्या काका म्हणाले, “जुनं वायरिंग, त्याला हात लावायचा नसतो.” भावाचा फोन आला, ताई तू नसते उद्योग का करतेस. आणि वरवर पाहता सगळ्यांचं बरोबर होतं. अर्थिंग नव्हतं तेव्हा मशीन दोन वर्षं धुवत होतं, जोडल्यावर एक वॉश पूर्ण होईना.

झालं होतं ते असं. गळती आधीपासूनच होती. पण अर्थिंग नसल्यामुळे गळणाऱ्या करंटला जायला जागा नव्हती, तो पत्र्यावर वाट बघत बसलेला होता. कुणीतरी येऊन हात लावायची वाट बघत. फेज आणि न्यूट्रल सारखेच, तराजू समतोल, खटका शांत. आईचा हात ही त्या घरातली एकमेव अर्थिंगची तार होती, आणि चपला हा त्या तारेतला स्विच! आता हिरवी तार जोडल्यावर गळती तिच्यातून वाहायला लागली, तराजू कलला आणि खटक्याने सात वर्षांत पहिल्यांदा आपलं काम केलं. मशीन त्या दिवशी बिघडलं नाही, त्या दिवशी ते पहिल्यांदा खरं बोललं.

कंपनीच्या अधिकृत सेंटरमधून एक मुलगा आला. तेवीस-चोवीसचा असेल. “घरात कुणी जेन्ट्स नाहीत का?” असं विचारून झाल्यावर त्याने मशीन चालू केलं, खटका पडला, आणि तो म्हणाला, “मॅडम, बोर्ड गेलं. नऊ हजार दोनशे. नाहीतर ईएलसीबी काढून साधा एमसीबी टाका, हे ईएलसीबी फार सेन्सिटिव्ह असतात.” मागचं झाकण त्याने उघडलंसुद्धा नव्हतं.

पहिल्यांदा दुसऱ्या सल्ल्याबद्दल, कारण तो जीवघेणा आहे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे काही गेलं तरच हलतो, तो तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअर काही सेकंद गेले तर जीवावर बेतू शकतं. म्हणजे एमसीबीच्या आकड्याच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी. हृदय बंद पडेल आणि एमसीबीला गंधवार्ताही नसेल. ईएलसीबी ‘सेन्सिटिव्ह’ असतो ही तक्रार म्हणजे कुत्रा चोर आल्यावर फार भुंकतो अशी तक्रार आहे.

आता बोर्ड. बोर्ड गेलं नव्हतं, हे सांगायला एकही उपकरण लागत नाही. लागतं ते घड्याळ. मशीनचा कार्यक्रम ठरलेला असतो. दार बंद होऊन लॉकचा टिक्‌ आवाज येतो, पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो, पातळी पुरेशी झाली की प्रेशर स्विच सांगतो, ड्रम उलटसुलट फिरतो, मग हीटर लागतो, मग पंप पाणी काढतो, शेवटी स्पिन. यातल्या प्रत्येक पायरीचा एकेक कारभारी आहे. कुठल्या पायरीला अडतंय ते पाहिलं की संशयित एकदोनच उरतात. लॉकचा टिक्‌ आला नाही तर पुढचं काहीच होणार नाही, मोटर मेली असं वाटेल आणि बिघाड असेल दाराच्या लॉकमध्ये. पंप नुसता घूं करत असेल तर बहुतेक वेळा त्यात एक रुपयाचं नाणं किंवा ब्लाउजचा हूक सापडतो. ड्रम फिरत नाही पण बाकी सगळं होतंय, तर (मोटर तशी असेल तर) कार्बन ब्रश झिजलेत का पाहावं. आणि खालून उघड्या असलेल्या टॉप लोडिंग मशीनमध्ये काहीही झालं तरी पहिला संशयित उंदीर! आपल्याकडे त्यासाठी जाळी वेगळी विकत मिळते, यातच सगळं आलं.

आईचं मशीन थंड पाण्याच्या प्रोग्रॅमवर लावलं. भरलं, फिरलं, रिकामं झालं, स्पिन झालं, खटका एकदाही पडला नाही. सगळे हुकूम वेळच्या वेळी देणारं बोर्ड बिघडलेलं कसं असेल? अडत होतं फक्त पाणी तापवताना. हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “आम्हाला आधी बोर्ड बदलायला सांगितलंय.” मला त्याचा राग नाही आला. त्याला दिवसभरात ठरलेले कॉल संपवायचे असतात, निदान करण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, मिळतात ते पार्ट खपवल्याचे. अशा व्यवस्थेत मीटर काढून अर्धा तास बसणारा माणूस वेडा ठरेल. शिवाय हल्ली बरीच बोर्डं दमट हवेपासून वाचवायला चिकट रसायनात बुडवून बंद केलेली असतात. चांगलीच गोष्ट आहे, पण आतला दोन रुपयांचा रेझिस्टर गेला तरी अख्खं बोर्ड फेकायचं.

तो गेल्यावर प्लग काढून, थोडा वेळ थांबून, मागचं झाकण उघडलं. हीटरच्या दोन टोकांत मल्टिमीटर: २७ ओहम. गणित करून बघा, २३० व्होल्टला सुमारे १,९६० वॅट होतात. हीटरवरच्या आकड्याशी जुळतं. म्हणजे तार अखंड, हीटर पाणी झकास तापवतो. मग हीटरचं टोक आणि त्याचं बाहेरचं धातूचं आवरण यांच्यामध्ये: मीटर अनंत दाखवतो. गळती नाही! इथे बरेच जण फसतात आणि हीटरला क्लीन चिट देतात. पण मल्टिमीटर रोध मोजताना आतल्या बॅटरीचे दोन-चार व्होल्टच लावतो. हीटरला मिळतात २३०, तेही तापलेला असताना. त्याच्या आतली तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती कोरडी असेपर्यंत उत्तम, पण नळीला बारीकशी चीर गेली की तीच पूड पाणी शोषते. अशा वेळी लागतो मेगर, जो ५०० व्होल्ट लावून मोजतो. वायरमनकडे होता. ०.१ मेगोहम. किमान १ तरी हवा. थंड असताना ही अवस्था, तापल्यावर तो आणखी घसरत असणार. पाच किलोओहमपर्यंत घसरला असं धरलं तर २३० व्होल्टला ४६ मिलिअँपिअर. खटका पडतो तो यामुळे, आणि गरम वॉशला ‘जरा जास्त चावतं’ ते यामुळे. आईच्या चपलांच्या पलीकडे एवढं उभं होतं.

तरी खात्री म्हणून हीटरच्या दोन्ही तारा काढून टोकं नीट टेपने बंद केली, झाकण लावलं आणि गरम पाण्याचाच वॉश सुरू केला. खटका पडला नाही. थोड्या वेळाने मशीनने पाणी तापत नसल्याचा एरर दाखवला. म्हणजे ज्या बोर्डावर आरोप होता तेच साक्ष देत होतं की हीटर जागेवर नाही!

नवीन हीटर आणि त्याचं रबर मिळून अकराशे रुपये. वायरमनने अर्थिंगचे आणि हीटर बसवायचे मिळून सहाशे घेतले. मेगरचे पैसे घ्यायला तयार नव्हता, आईने त्याला बळेच लाडवांचा डबा दिला. नंतर मेगर पुन्हा लावला, रोध मोजण्याच्या पलीकडे. पत्रा आणि नळ यांच्यात शून्य व्होल्ट.

आपल्या सरकारने २०२२ च्या जुलैत ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू केलं. युरोपात २०२१ च्या मार्चपासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग दहा वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम आहे. हे सगळं मला हवंच आहे. मशीनचा वायरिंग डायग्राम मागितल्यावर कस्टमर केअर मला ‘ते गोपनीय आहे’ असं सांगतं तेव्हा तर फारच हवं असतं. पण यातला कुठलाही हक्क ती टेपमध्ये गुंडाळलेली हिरवी तार शोधून देणार नाही. अर्थिंग कसं करावं याचं भारतीय मानक, आयएस ३०४३, १९६६ चं आहे आणि २०१८ मध्ये ते सुधारलंही. कागदावर आपण कुठेही कमी नाही. कमी पडतो ते शेवटचे चार इंच जोडण्यात, आणि फ्लॅटचा ताबा घेताना टाइल्सचा रंग तासभर बघणारे आपण टेस्ट लॅम्प लावून बघायला पाच मिनिटं देत नाही, त्यात.

एक गोष्ट मात्र पाया पडून सांगते. काही वायरमन अर्थिंग नसलेल्या घरात ‘जुगाड’ म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. मुंग्या ताबडतोब थांबतात, टेस्टर विझतो, सगळे खूश. पण मग गळणारा करंट न्यूट्रलमधूनच परत येतो, तराजूला फरक दिसत नाही आणि ईएलसीबी आंधळा होतो. आणि ज्या दिवशी कुठेतरी न्यूट्रल सैल होऊन तुटेल, त्या दिवशी मशीनच्या पत्र्यावर अख्खे २३० व्होल्ट येतील, मागे पूर्ण ताकद घेऊन. झिणझिण्या यायला वेळच मिळणार नाही. कुणी असं करून देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि नाशिकच्या मावशीसाठी: तू पाठवलेला फोटो बघितला. तुझा तो पिवळा एक्स्टेन्शन बोर्ड दिसायला तीन भोकांचा असला तरी त्याची वायर चपटी, दोन तारांची आहे. वरच्या भोकाच्या मागे काही नाही. तुझ्या सेमी-ऑटोमॅटिकला मुंग्या येतात त्या त्याच्यामुळे असतील किंवा मोटरमुळे, ते मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येतेय, मेगर मागून घेतलाय. तोपर्यंत मशीन लावू नकोस, प्लग काढून ठेव. काकांचे शर्ट त्यांचे त्यांना बादलीत भिजवू देत.